तापाला नाव हवे

मृगाच्या सरी कोसळल्या, नाले तुंबले, रुळांवर पाणी आले आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवस उलटले, की ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात दवाखान्यांच्या दारातील चपलांची गर्दी वाढू लागते. आत गेलेल्या रुग्णाला बहुधा एकच उत्तर मिळते : 'व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे.' तापाची गोळी, एखादे प्रतिजैविक, फार तर एक इंजेक्शन, आणि तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला या, एवढ्यावर भेट संपते. रुग्णाचेही समाधान होते, कारण आपल्या आजाराला नाव मिळाले असे त्याला वाटते. वस्तुतः 'व्हायरल' हे कोणत्याही आजाराचे नाव नव्हे. नाव ठाऊक नाही, हे सांगण्याची ती एक सभ्य रीत आहे.

पावसाळ्यातील बहुतेक ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतात, म्हणून ही रीत खपून जाते. परंतु त्याच गर्दीत एखादा सफाई कामगार असतो, भातलावणी आटोपून आलेला मुरबाडचा शेतकरी असतो, लोकल बंद पडल्यामुळे गुडघाभर पाण्यातून रूळ तुडवत घरी पोहोचलेला डोंबिवलीचा नोकरदार असतो. त्याचे डोळे लाल होतात, पोटऱ्या ठणकू लागतात, लघवी कमी होते, कावीळ दिसू लागते. काहींच्या थुंकीतून रक्त पडते. तोवर घरची मंडळी प्लेटलेटचे आकडे मोजत आणि पपईच्या पानांचा रस काढत बसलेली असतात, कारण मध्यमवर्गीय मनाने डेंग्यूचीच तेवढी धास्ती घेतलेली आहे. हा रुग्ण मात्र डेंग्यूचा नसतो. त्याला झालेला असतो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजेच बोलीतील 'लेप्टो'. ज्या औषधाने पहिल्या दोन-चार दिवसांतच तो आटोक्यात आला असता, ते औषध कोपऱ्यावरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळत असते. आजार असाध्य होता म्हणून नव्हे, तर त्याचे नाव कोणी वेळेत घेतले नाही म्हणून माणूस हातचा जातो. ठाणे-कल्याण परिसरातील आरोग्यव्यवस्थेपुढचा प्रश्न नेमका हा आहे, आणि दुर्दैवाने त्याची चर्चा खड्डे आणि नालेसफाईच्या चर्चेइतकीही होत नाही.

लेप्टो हा जनावरांकडून माणसाकडे येणारा रोग. त्याचे मळसूत्रासारखे पीळदार जिवाणू उंदीर, घुशी, गुरे, म्हशी, डुकरे, कुत्रे यांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. उंदराला त्याचा काहीच त्रास होत नाही. तो आयुष्यभर ते बाळगतो आणि पसरवत राहतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात हे जिवाणू कित्येक दिवस तग धरतात. पायाला पडलेली भेग, चपलेने काढलेला ओरखडा, डोळ्यात उडालेला पाण्याचा शिंतोडा, एवढी वाट त्यांना पुरते. त्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, आणि घोटाळा येथेच होतो. पाणी ओसरून गेलेले असते, बूट वाळलेले असतात, त्या दिवसाचा विसर पडलेला असतो. आजच्या तापाचा संबंध दहा दिवसांपूर्वीच्या पाण्याशी असेल, असे रुग्णाच्या मनात येत नाही आणि गर्दीत बुडालेला डॉक्टर ते विचारत नाही. जर्मन वैद्य वाइल यांनी कावीळ आणि मूत्रपिंडाच्या विकारासह येणाऱ्या या तापाचे वर्णन १८८६ मध्येच करून ठेवले आहे. त्याचा जिवाणू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी शोधून काढला. म्हणजे शास्त्राला हा रोग अपरिचित नाही. अपरिचित आहे तो दवाखान्याच्या टेबलाला.

आता या टापूचा भूगोल पाहावा. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीला येऊन मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरची सांडपाण्याने काळी पडलेली वालधुनी तिच्यातच येते. भरतीची वेळ आणि डोंगरातला पाऊस एकत्र आले, की पाण्याला जायला जागा उरत नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय मुंबईच्या नावावर जमा झाला, कारण सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. परंतु बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याणमधील किती कुटुंबांनी ती रात्र माळ्यावर आणि गच्चीवर काढली, हे तेथील वयस्क मंडळी अजून सांगतात. त्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ उसळली होती. पुढे २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार उतारूंना बोटींतून बाहेर काढावे लागले. अशा प्रत्येक प्रसंगी पाण्यात उतरणारे तरुण कमी पडत नाहीत, हे या भूमीचे भाग्य. पण दोरी, बोट, अन्नाची पाकिटे यांची जेवढी आठवण ठेवली जाते, तेवढी त्या तरुणांना नंतर येऊ शकणाऱ्या तापाची कोणी ठेवते काय?

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढी दाट वस्ती, तिच्या कडेला येऊरचे जंगल, मधोमध खाडी, काठावर तबेले, आणि पुढे शहापूर-मुरबाडची भातशेती. पाणी चढले की कल्याणच्या खाडीलगतच्या तबेल्यांतील म्हशी बाह्यवळण रस्त्यावर आणून बांधाव्या लागतात, हे दृश्य कल्याणकरांना नवे नाही. त्या पाण्याबरोबर तबेल्यातले काय काय वस्तीत येते, याचा विचार करायला मात्र कोणाला सवड नसते. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे उंदीर पोसत राहिला. २०२१ मध्ये तेथे कचरा टाकणे बंद झाले, पण उंदरांनी काही शहर सोडलेले नाही. फलाटाखालची बिळे, बाजाराच्या मागची गटारे आणि सोसायटीच्या कचराकुंडीमागची जागा त्यांना पुरेशी आहे. गंमत अशी, की सुशिक्षित घरातील पाळीव कुत्र्याला दरवर्षी दिल्या जाणाऱ्या लशीत लेप्टोपासूनचे संरक्षण असते. त्याच घरच्या धन्याला मात्र अशी लस भारतात मिळत नाही, आणि बहुतेकदा त्या आजाराचे नावही त्याने ऐकलेले नसते.

नाव न मिळाल्याने काय होते, याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. अंदमान म्हटले की मराठी मनासमोर काळकोठडी आणि कोलू उभे राहतात. त्याच बेटांच्या उत्तर भागात, दिगलीपूरच्या परिसरात, १९८८ पासून पावसाळा सरता सरता दरवर्षी एक विचित्र ताप येऊ लागला. धडधाकट शेतकरी तापाने पडत, अंग मोडून येई, मग खोकल्यातून रक्त पडे आणि काही जण एक-दोन दिवसांत दगावत. रक्तस्राव होतो म्हणून एखादा अज्ञात विषाणू असावा, असा तर्क झाला. आजाराला 'अंदमान रक्तस्रावी ताप' असे भारदस्त नाव पडले, आणि नाव पडल्याने आजार ओळखला गेल्याचा भास निर्माण झाला. विषाणूवर औषध नाही, तेव्हा हाती होती ती केवळ शुश्रूषा. अखेर १९९३ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आजच्या श्रीविजयपुरमच्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्ताची पद्धतशीर तपासणी केली. निघाला तो विषाणू नव्हताच. तो होता लेप्टो, आणि त्याच्यावर पेनिसिलिन चालत होते. जे रोगी 'असाध्य विषाणूचे' म्हणून गेले, त्यांतील कित्येक एका जुन्या, साध्या औषधाने वाचू शकले असते.

या कथेतील सर्वांत खेदाची गोष्ट पुढेच आहे. अंदमानात लेप्टो आहे, हे १९३१ मध्येच टेलर आणि गॉइल या संशोधकांनी सविस्तर प्रबंध लिहून सांगून ठेवले होते. बेटे तेव्हा काळ्या पाण्याची वसाहत होती. इंग्रज गेले, वसाहत गेली, प्रबंध कपाटात राहिला. साठ वर्षांनंतर तोच आजार नव्याने 'शोधावा' लागला. ज्ञान नसणे हे एक दुर्दैव. असलेले ज्ञान विसरणे हा मात्र अपराधच म्हटला पाहिजे.

भारतीय विज्ञानाला हे काम जमत नाही, असे म्हणायला कोणाचीही जीभ धजावणार नाही. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र, म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, ही या क्षेत्रातील जगन्मान्य संस्था आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने, रक्तस्रावाने आजारी पडू लागली. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली भीती. पुण्याचे शास्त्रज्ञ जंगलात जाऊन राहिले, मेलेली माकडे तपासली, गोचिडी गोळा केल्या, आणि हा पीतज्वर नसून जगाला अज्ञात असलेला एक नवाच विषाणू आहे, हे सिद्ध केले. हे काम करता करता प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांना त्या तापाची लागण झाली, हेही विसरता कामा नये. पुढच्या दहा-बारा वर्षांत चित्र अधिक स्पष्ट झाले : जंगल तोडून शेती वाढली, वनात गुरे चरू लागली, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या, त्या माकडांना आणि माणसांना डसल्या. रोग जंगलात पूर्वीपासूनच असणार. माणसाने त्याच्या घरात पाऊल टाकल्यावर तो बाहेर आला.

हा केवळ कर्नाटकाचा इतिहास नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातील केर गावातून २०१६ मध्ये त्याच रोगाच्या वार्ता आल्या. काजूच्या बागेत बी गोळा करायला जाणारी कोकणी माणसे 'माकडतापा'ने आजारी पडली. पुढल्या वर्षी बांद्याचा परिसर होरपळला. ठाणे-डोंबिवलीत राहणाऱ्या किती कुटुंबांचे मूळ घर त्या भागात आहे, हे सांगायला नको. मे महिन्यात गावी जाऊन आलेला माणूस जून महिन्यात इकडे तापाने पडला, तर 'गावी कुठे गेला होता, गोचीड चावली होती काय, बागेत माकड मेलेले पाहिले होते काय', हे तीन प्रश्न विचारणारा दवाखाना येथे शोधूनही सापडेल की नाही, याची शंकाच आहे.

काँगो तापाची गोष्ट अधिक भयावह. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात एक महिला रक्तस्रावी तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले आणि परिचारिकाही गेली. पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांतून तो क्रायमियन-काँगो ताप असल्याचे निष्पन्न झाले. भारतात माणसांतील त्याची ती पहिली निश्चित नोंद. जनावरांच्या अंगावरील गोचिडीतून आणि रोगी माणसाच्या रक्तातून हा विषाणू पसरतो. परिचर्या करणाराच प्रथम बळी जातो, म्हणून येथे नाव कळण्यातील एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेतील रुग्णांची वार्ता येताच शेजारच्या पालघर जिल्ह्याच्या प्रशासनाने पशुपालकांना सावधगिरीचा इशारा दिला होता. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. जिल्ह्याची रेषा बदलली म्हणून गोचिडीचा किंवा गुरांच्या बाजाराचा मार्ग बदलत नाही. अशा विषाणूंवर काम करण्यासाठी पुण्याजवळ पाषाण येथे चौथ्या जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा २०१२ पासून उभी आहे. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असल्याचे याच संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. म्हणजे वटवाघळांच्या गुहेपर्यंत शास्त्र पोहोचले आहे. कल्याणहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या या संस्थेपर्यंत डोंबिवलीतला निनावी ताप मात्र पोहोचत नाही.

वास्तविक, जनावरांकडे पाहून साथ ओळखणे महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उसळला आणि लोक आगगाडीने ठाणे-कल्याणकडे पळाले. कल्याण जंक्शनवर उतारूंना उतरवून त्यांची तपासणी होऊ लागली, तीही अनेकदा अपमानास्पद रीतीने. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. लोकमान्यांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारले. सरकारी यंत्रणा घरे धूत आणि माणसांना छावण्यांत कोंडत असताना खेड्यापाड्यातील अशिक्षित माणसाला मात्र एक गोष्ट कळत होती : 'उंदीर पडू लागले', की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. घरात मेलेला उंदीर हीच त्याची प्रयोगशाळा होती. उंदरावरील पिसवा माणसाला प्लेग देतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, तरी त्यांची टर उडवली गेली. परळच्या प्रयोगशाळेतील तपासांनी ते निर्विवादपणे मान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. शास्त्रज्ञांचा वाद मिटेपर्यंत लक्षावधी माणसे मेली. माळावरच्या झोपडीतली वाचली.

आज ती नजर समाजाने गमावली आहे आणि शासनाने ती घेतलेली नाही. पक्ष्यांच्या बाबतीत यंत्रणा जागी असते, कारण कुक्कुटपालनाचा पैसा तेथे अडकलेला असतो. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मरून पडलेल्या बगळ्यांचे नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लू निष्पन्न झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर कोंबड्या मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, आणि एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५ हजार पक्षी मारण्याचा निर्णय तातडीने झाला. चोख काम, यात वाद नाही. परंतु कोंबडी मेली तर पशुसंवर्धन खाते, माकड मेले तर वन खाते, उंदीर वाढले तर पालिकेचे कीटकनाशक पथक आणि माणूस मेला तर आरोग्य खाते, अशी वाटणी आहे. जिवाणूला किंवा विषाणूला ही खातेवाटणी कोणी कळवलेली नाही. गुरांच्या मूत्रात लेप्टो सापडल्याचे पशुवैद्याला कळले, तर ती वार्ता त्याच वस्तीतील दवाखान्यापर्यंत पोहोचवणारा कोणीही नेमलेला नसतो. वरून कायदा म्हणाल, तर १८९७ च्या प्लेगमध्ये घाईने केलेला जेमतेम चार कलमांचा साथरोग कायदाच २०२० च्या महामारीतही बाहेर काढावा लागला. माणसांना थांबवण्याचे अधिकार त्यात आहेत; जनावरांवर आणि तापावर नजर ठेवण्याची व्यवस्था त्यात नाही.

नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसली. माणूस, पशू आणि परिसर यांचे आरोग्य एकच, हा तिच्यामागचा विचार. भारतीय मनाला तो समजावून सांगावा लागत नाही; जुन्या घरात गोठा आणि माजघर यांच्यात एका भिंतीचेच अंतर असे. कोनशिलेचे स्वागत केलेच पाहिजे. पण नागपूरची इमारत ठाण्याच्या तापाला नाव देणार नाही. त्यासाठी ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सर्वांच्या मिळून पावसाळ्यापूर्वीच एका टेबलाभोवती बसणाऱ्या चार माणसांची गरज आहे : आरोग्य अधिकारी, पशुवैद्य, वन अधिकारी आणि खाजगी डॉक्टरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी. खाजगी डॉक्टर यासाठी, की या शहरांत तापाचा रुग्ण आधी त्याच्याकडेच जातो. त्याच्या दप्तरातील ताप शासनाच्या आकड्यांत येतच नाहीत, आणि मग 'यंदा लेप्टोचे रुग्ण नगण्य' असे निवेदन निघते. मोजलेच नाही, ते नगण्यच असणार!

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. ते टिकणारे नाही. लेप्टोची प्रतिपिंडे रक्तात दिसायला पाच-सात दिवस लागतात, त्यापूर्वी पीसीआर चाचणी करावी लागते. आणि कोविडच्या काळात पीसीआरची यंत्रे पालिकांकडे आणि रुग्णालयांकडे आली, ती आज अनेक ठिकाणी पूर्ण क्षमतेने वापरली जात नाहीत. ओमायक्रॉनचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी नोंदला गेला, तो डोंबिवलीचाच. जनुकीय क्रम तपासून त्या उपप्रकाराचे नाव अवघ्या काही दिवसांत निश्चित झाले. मनात आणले की डोंबिवलीतील तापाला नाव मिळू शकते, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. फरक एवढाच, की तो विषाणू विमानाने आला होता. लेप्टो गटारातून येतो, आणि गटारात उतरणाऱ्याचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही. सफाई कामगारांना गमबूट दिल्याची नोंद कागदावर असते. भर पावसात ते कितींच्या पायात असतात, हे कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहता येईल.

येथे डॉक्टरांवर सारा दोष ढकलणे सोपे, परंतु अन्याय्य आहे. दिवसाला शंभर रुग्ण तपासणारा माणूस प्रत्येकाची चाचणी करू शकत नाही, आणि करायला सांगितली तर रुग्णच 'लुबाडणूक' म्हणून ओरडतो. चाचणीचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवू नयेत, संशय बळकट असेल तर औषध आधी सुरू करावे, हेच शास्त्र सांगते. संशय येण्यासाठी मात्र एक माहिती लागते आणि ती रुग्णाकडेच असते. ती न मागता देण्याची सवय लागली, तर निम्मे काम होते.

या पट्ट्यात पुराच्या वेळी मदतीला धावणाऱ्या कार्यकर्त्यांची संख्या मोठी आहे. नोकरीवरून थेट पाण्यात, पाण्यातून थेट शिधावाटपाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकलला, असा त्यांचा क्रम असतो. स्वतःच्या पायावरच्या जखमेकडे पाहणे त्यांना कमीपणाचे वाटते. सेवेला जाणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या सामानात दोरीइतकेच आवश्यक म्हणून गमबूट आणि जखमेवर लावायची जलरोधक पट्टी असावी. परत आल्यावर साबणाने पाय धुणे व्हावे. पाण्यात बराच वेळ राहिलेल्यांनी दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घ्यावी की नाही, हे विचारावे. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांसाठी तर मुळीच नाही. प्रमुखाच्या वहीत कोणी किती पाकिटे वाटली याचा हिशेब असतो, तसा कोण कोणत्या तारखेला कोणत्या पाण्यात उतरला याचाही असावा. महिनाभरात त्या यादीतील कोणालाही ताप आला, तर त्याच्याबरोबर एकाने दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी नाडी हातात घेण्यापूर्वीच सांगावे, 'हे अमुक तारखेला वालधुनीच्या पुरात होते, पायाला जखम होती, पोटऱ्या दुखत आहेत.'

सोसायट्यांच्या बैठकांत वाहनतळावरून होणाऱ्या वादांना तास-दोन तास सहज मिळतात. त्यातील दहा मिनिटे कचराकुंडीमागच्या बिळांना मिळाली, तर हरकत नसावी. मे महिन्यात गावाहून परतलेल्या मंडळींनी काजूच्या बागेत किंवा रानात मेलेली माकडे पाहिली असतील, तर ती वार्ता तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून कळवावी, आणि त्यानंतर ताप आल्यास डोंबिवलीच्या डॉक्टरांनाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगावी.